डॉक्टर बाळकृष्णांच्या नावाचा शिक्का

मित्रांनो, ओमानमधल्या खाबुऱ्याच्या बाजारात एक छोटा दवाखाना आहे. तिथल्या टेबलाच्या खणात राहणारा जुना शिक्का म्हणजे मी. मूठ लाकडाची, तळ रबराचा. त्या रबरावर डॉक्टर बाळकृष्णांचं नाव होतं आणि खाली त्यांच्या परवान्याचा नंबर.

मस्कतजवळच्या सीबच्या जुन्या बाजारात एका मल्याळी कारागिरानं मला घडवलं. डॉक्टरांनी मला आधी स्वतःच्या तळहातावर उमटवून पाहिलं आणि ते हसले. मग कितीतरी वर्षं आम्ही दोघांनी मिळून काम केलं. मासेमार, खजुराच्या बागांतले मजूर, रत्नागिरी-रायगडहून आलेली कुटुंबं त्यांच्याकडे येत. डॉक्टर तपासायचे, लिहायचे, लिहिलेलं पुन्हा वाचायचे आणि मगच मला उचलायचे. औषधांच्या दुकानात माझी निळी खूण दिसली की कुणी जास्त विचारत नसे. मला त्याचा फार अभिमान वाटे.

पुढे डॉक्टरांचे गुडघे गेले. ते सीबला मुलीकडे राहायला गेले आणि मी खणात विसरला गेलो. माझ्यावर धूळ बसली, शाईची गादी वाळली.

अशात डॉक्टर हिबा आली. दाभोळकडच्या घरातली, पण वाढली खाबुऱ्यातच. मस्कतच्या मोठ्या हॉस्पिटलात तिचं फेलोशिपचं वर्ष चालू होतं. वडिलांची नोकरी संपून ते गावी परतले होते आणि आई, शकीला, तिच्याजवळ राहिली होती. आईचा व्हिसा आपल्या नावावर काढायचा, तर फेलोशिपचा पगार पुरत नव्हता. म्हणून सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी, या दवाखान्यात काम करायचं तिनं ठरवलं.

पण तिच्याकडचा परवाना मस्कतच्या हॉस्पिटलापुरताच होता. इथे रुग्ण तपासायला वेगळा हवा होता. तिनं अर्ज केला. कॉलेजकडून पदवीची खात्री आली, पण हॉस्पिटलच्या साहेबांची संमती येईना. हिबा शुक्रवारी यायची, विचारायची आणि रिकामी खुर्ची बघून परत जायची.

दवाखान्याचा कारभार रशीदचाचा बघत.

"येईल गं परवाना, इन्शाल्ला," ते म्हणाले. "तोवर खुर्ची कशाला थंड ठेवायची?"

"चाचा, माझ्या नावाचा शिक्का कुठे आहे?"

"डॉक्टरांचा आहे ना. तू तपास, तो मार."

"त्यांना विचारलंत?"

"ते काय नाही म्हणणार आहेत? तुझ्या लहानपणी तुझा खोकला त्यांनीच बरा केला. आईला इथे ठेवायचंय ना? यल्ला, चल, बाहेर माणसं ताटकळलीत."

हिबानं मला उचललं. चाचांनी वाळलेल्या गादीवर शाई ओतली. मी कागदावर उमटलो, पण तिरका.

त्या दिवशी आलेल्यांत अमीरुन्निसाखाला होत्या. रक्तदाबाच्या जुन्या रुग्ण. हिबानं त्यांना नीट तपासलं, नवी गोळी दिली आणि बजावलं, "खाला, आधीची गोळी आता बंद."

"बंद. कळलं गं, मी काय बहिरी आहे?" खाला म्हणाल्या.

पुढच्या शुक्रवारी रशीदचाचांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावून तो माझ्याशेजारी टेबलावर ठेवूनच घेतला, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"रशीद, मी इथे सीबला आहे," डॉक्टर बाळकृष्ण म्हणाले. "मग खाबुऱ्यात माझ्या नावानं गोळ्या कोण देतंय?"

चाचा हिबाकडे बघू लागले.

"अमीरुन्निसाबाईंनी मला फोन केला. म्हणाल्या, नवी गोळी सोसत नाही, अर्धी घेऊ का? मी विचारलं, कुठली नवी? बोलता बोलता त्या चक्कर येऊन पडल्या. मनगट मोडलंय. त्यांच्या मुलानं मला दोन्ही कागद वाचून दाखवले, मग त्याला सांगून हॉस्पिटलात न्यायला लावलं."

"बाई दुसरीकडे कुठे तरी गेल्या असतील, डॉक्टर," चाचा घाईनं म्हणाले.

हिबानं फोन ओढून घेतला. "सर, हिबा बोलतेय. गोळी मी दिली. आधीची बंद करायला सांगितलं होतं."

"दोन्ही कागदांवर माझाच शिक्का आहे, बाळा. त्यांना वाटलं, आपल्याच डॉक्टरांनी दिल्यात, दोन्ही घ्यायच्या. त्या दोन्ही घेत होत्या. त्यांनी मला विचारलं आणि मला काही सांगता आलं नाही. असं कधी झालं नव्हतं."

हिबा तिथूनच हॉस्पिटलात गेली आणि तिथल्या डॉक्टरांना दोन्ही गोळ्यांची नावं सांगितली. खालांचा जीव वाचला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाळकृष्ण टॅक्सी करून आले. हिबाही रजा काढून आली होती. ते तिच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी खण उघडला, मला अंगठ्यानं पुसलं आणि पाती मागितली. मग माझ्या तळाचं रबर सोलून काढलं. मित्रांनो, मला दुखलं नाही, पण फार हलकं वाटलं.

"माझ्या साहेबांना मीच सांगणार आहे," हिबा म्हणाली.

"संमती मिळणार नाही मग."

"माहीत आहे."

"आणि आई?"

हिबानं सोललेलं रबर उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

साहेबांनी फेलोशिप राहू दिली, पण बाहेर काम करायची संमती नाकारली. आईच्या व्हिसाची मुदत संपली आणि शकीलाबी गावी गेल्या. माझी नुसती मूठ अजून खणात आहे, म्हणून पुढचंही मी ऐकलं. प्लास्टर निघाल्यावर अमीरुन्निसाखाला दवाखान्यात आल्या. हिबा बाहेरच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसली होती.

"गोळी तू दिलीस, तर तुझं नाव का नाही छापलंस?" खालांनी विचारलं.

"त्याचा परवाना अजून मिळाला नाही, खाला."

"मग मिळेपर्यंत थांबायचंस. हा हात भाकरी थापायचा होता गं."

"हो," हिबा म्हणाली आणि त्यांचं वाकडं मनगट हळूहळू चोळत राहिली.

मित्रांनो, आम्हा शिक्क्यांना हात ओळखता येत नाही. जो उचलेल त्याच्यासाठी आम्ही उमटतो. म्हणून एवढीच विनवणी आहे. आपलं नाव उघड्या खणात विसरून जाऊ नका. आणि दुसऱ्याचं हाती आलंच, तर ते वापरण्याआधी त्या माणसाला एक फोन करा.