तोंडबंद तेल

दर शुक्रवारी दिवेलागणीला उंब्रजजवळचं ते अख्खं गाव ओढ्याकाठी जमायचं. ट्रॉलीत माणसं, बांधावर माणसं आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. खाली एका खाटेवर प्रवचनकार ब्रदर जयराज एकटेच बसलेले. पांढरा सफारी, कॉलरला माईक, डोळे मिटलेले. पलीकडच्या उसातून बिबट्या बाहेर आला. त्यानं खाटेकडे पाहिलं, सावकाश जांभई दिली आणि आला तसा निघून गेला.

"बघितलंत?" ब्रदर माईकवरून म्हणाले. "तोंड उघडलं, पर चावलं न्हाई. बायबलात राजानं दानिएलाला सिंहांच्या गुहेत टाकला, तवा देवदूतानं सिंहांची तोंडं बांधली. तोच देवदूत आज उंब्रज फाट्यावर उतरलाय. हे तोंडबंद तेल कपाळाला लावा. बिबट्या तुमाला वळखणार बी न्हाई."

बिबट्यानं गावातली कुत्री संपवली होती आणि आता शेळ्यांना हात घातला होता. त्यामुळे तेल धडाधड खपलं. देवळात जाणाऱ्यांनी लावलं, मशिदीत जाणाऱ्यांनीही लावलं. बिबट्यानं कुणाला धर्म विचारल्याचं कधी ऐकिवात नव्हतं.

शाळेतल्या विजयमाला बाई गर्दीच्या मागे उभ्या होत्या. लहानपणी मिरजेला, चर्चमधल्या रविवारच्या शाळेत त्यांनी दानिएलाची गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की ती त्यांना पाठ होती. त्या गोष्टीवर त्यांचा फार जीव होता. तिच्या नावानं बाटल्या विकल्या जाताना पाहून त्यांचं डोकं उठायचं.

पण खरी धास्ती वेगळीच होती. पाचवीतली उत्कर्षा रोज संध्याकाळी ओढा ओलांडून डेअरीला दूध घालायला जायची. आधी तिचे आजोबा नाथाजी काठी घेऊन सोबत असत. आता ती एकटीच जात होती.

"आबा, पोरीला एकटं का धाडता?" बाईंनी विचारलं.

"एकटी कुठं? कपाळाला तेल हाय की," नाथाजी म्हणाले. "माझं गुडघं लय दुखत्यात, बाई. देवदूत काय माझ्यागत लंगडत न्हाई."



नाथाजींना द्यायचं उत्तर बाईंना शनिवारी व्हॉट्सॲपवर, आदल्या संध्याकाळच्या व्हिडिओत सापडलं. व्हिडिओत बिबट्याच्या तोंडाभोवती पांढरं काहीतरी दिसत होतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'देवदूताचा हात'. बाईंनी चित्र मोठं करून पाहिलं. ती पिसं होती. देवदूताला पंख असतात हे बाईंना मान्य होतं, पण ते जबड्याला चिकटलेले असतात असं त्यांनी कुठं वाचलं नव्हतं.

गावात पांढऱ्या कोंबड्या फक्त अजमलच्या पोल्ट्रीत होत्या. सकाळची शाळा सुटल्यावर, भर उन्हात, बाई त्याला घेऊन ओढ्यापलीकडे गेल्या. उसाच्या कडेला पिसांचा ढीग होता आणि त्यात फाटकी पोती.

"पोती माझीच हायत," अजमल म्हणाला. "मेलेल्या कोंबड्या ब्रदरांचा ड्रायव्हर शुक्रवारी दुपारी न्हेतो. म्हणला, कुत्र्यांस्नी घालतो."

"गावात कुत्री उरलीत कुठं?" बाई म्हणाल्या.

मग त्यांचं लक्ष डेअरीच्या पायवाटेकडे गेलं. वाट ढिगाला लागूनच होती. बिबट्याला दिवेलागणीला नेमकं इथं यायची सवय लावून ठेवली होती. शुक्रवारी इथं पोतं असायचं. बाकीच्या दिवशी त्या वेळेला इथं फक्त उत्कर्षा असायची. बाईंनी तिथूनच वनखात्याला फोन लावला आणि शुक्रवारपर्यंत रोज संध्याकाळी त्या स्वतः पोरीबरोबर डेअरीला गेल्या.

शुक्रवारी अजमलनं पोतं दिलं नाही, आणि ड्रायव्हर ते ब्रदरांना सांगायला धजला नाही. गाव जमलं, आणि ब्रदर खाटेकडे निघाले तेवढ्यात बाई ट्रॉलीवर चढल्या.

"ब्रदर, गोष्ट पुरी सांगा. दानिएल वाचल्यावर राजानं काय केलं?"

ब्रदर माईक नीट करू लागले.

"त्याच्या वैऱ्यांना त्याच गुहेत टाकलं," बाईच म्हणाल्या. "ते तळाला पोचायच्या आत सिंहांनी त्यांचा चुराडा केला. म्हणजे सिंह उपाशी होते. सिंहांचं पोट आधीच भरलेलं असेल, अशी ऐकणारा शंका काढणार, हे गोष्ट सांगणाऱ्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं आधीच उत्तर देऊन ठेवलं. तुमचा बिबट्या मात्र तुमच्याकडं यायच्या आधी जेवून यायचा." त्यांनी फाटकं पोतं सगळ्यांसमोर झटकलं. पिसं ट्रॉलीभर उडाली. अजमलनं मान डोलावली.

"आज जेवण आलेलं नाही," बाई म्हणाल्या. "बसता खाटेवर?"

ब्रदरांनी खाटेकडे पाहिलं, मग उसाकडे. "देवाची परीक्षा बघू न्हाई," असं म्हणून ते जीपमध्ये बसले आणि काच वर केली.

"देवाची बघायची नाही," बाई म्हणाल्या. "मग डेअरीच्या वाटेवर बिबट्याला खायला घालून या पोरीची रोज कशाला बघत होता?"

नाथाजींनी उत्कर्षाला जवळ ओढलं आणि उपरण्यानं तिचं कपाळ पुसू लागले. तेल कधीच निघालं होतं, तरी ते पुसतच राहिले.

"मीच धाडत हुतो गं तुला," ते म्हणाले.

"आबा, श्रद्धा ठेवायची तर खुशाल ठेवा," बाई म्हणाल्या. "पण मेलेली कोंबडी उघड्यावर टाकू देऊ नका. अंधार पडायच्या आत जा. पोरं घोळक्यानं पाठवा, बॅटरी द्या, बरोबर मोठं माणूस द्या. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तो होण्याआधी तिथं काय झालं होतं ते विचारा. देव असलाच, तर विचारल्याचा त्याला राग येणार नाही."

डेअरीची वेळ झाली होती. नाथाजींनी एका हातात दुधाची किटली घेतली, दुसऱ्या हातानं नातीचा हात धरला आणि ते लंगडत पायवाटेला लागले. एकेक करत माणसं ट्रॉलीतून उतरली. त्या संध्याकाळी एवढ्याशा दुधाबरोबर अख्खं गाव डेअरीपर्यंत चालत गेलं.