पाटीवर नुसतं ‘माती’ लिहिलं होतं

मित्रांनो, मी एक जुनी विजेची भट्टी आहे. दिसायला लोखंडी कपाटासारखी, पण पोटात बाराशे अंशांची आग! पनवेलच्या एका संशोधन केंद्रात राहते. इथे नवनवे पदार्थ बनवून तपासतात.

तीन कॉलेजांनी मिळून हे केंद्र काढलं. एकानं जागा दिली, एकानं सूक्ष्मदर्शक, तिसऱ्यानं मला. तिन्हीकडचे प्राध्यापक समितीत बसतात आणि मला वापरायचे वार वाटून देतात. माझी काळजी मात्र इथले तंत्रज्ञ गर्शोमकाका घेतात. त्यांचा नियम एकच: काय भाजलं ते शेजारच्या पाटीवर लिहायचं, म्हणजे पुढच्याची पंचाईत होत नाही.

गव्हाणची अंकिता मिठागरवाल्यांच्या घरातली. पडीक मिठागराच्या चिखलातून विटा करायचं तिचं संशोधन. सोमवारी तिनं विटा भाजल्या आणि पाटीवर लिहिलं, ‘माती’. बुधवारी दुसऱ्या कॉलेजच्या शैलेशनं कृत्रिम दातांसाठीच्या पांढऱ्या चकत्या भाजायला ठेवल्या. बाहेर निघाल्या त्या पिवळ्या डागांच्या! चार महिन्यांची मेहनत पाण्यात. माझ्या तारासुद्धा काळवंडल्या.

समिती माझ्यासमोरच जमली. "म्हातारी झाली ही. भंगारात काढा!" अहो, इतकी वर्षं राबले, त्याचं हे फळ? फार वाईट वाटलं मला.

"अशी एकाएकी बिघडायची नाही ती," गर्शोमकाका म्हणाले. पण ऐकतंय कोण?

अंकिता पाटीकडे बघत होती. गप्प राहिली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण ती पुढे आली.

"सर, चूक माझी हाय. माती मिठागरातली होती. भाजताना मीठ उडून आत बसलं, तेच चकत्यांना लागलं."

"मग लिहिलं का नाहीस गं?" काकांनी विचारलं.

"आमच्याकडे मातीला मातीच बोलतात, काका. ती खारी हाय हे येगळं सांगायचं डोक्यातच नाय आलं." ती समितीकडे वळली. "माझे दोन महिन्यांचे वार शैलेशला द्या. पण हिला टाकू नका."

समितीनं ऐकलं. काकांनी माझ्या तारा बदलल्या, अस्तर बदललं. शैलेशच्या नव्या चकत्या पांढऱ्याशुभ्र निघाल्या. दोन महिन्यांनी अंकिताचा वार आला, तेव्हा तिनं विटा झाकणाच्या भांड्यात ठेवल्या आणि पाटीवर ठळक लिहिलं, ‘गव्हाणची माती. खारट!’ खाली शैलेशनं लिहिलं, ‘वाचलं. आधी भट्टी रिकामीच तापवून घेतो.’

मित्रांनो, चारचौघांची वस्तू वापराल तेव्हा मागे काय ठेवून चाललात ते नीट सांगून जा. आणि चुकलंच, तर अंकितासारखं पुढे या. तिनं तोंड उघडलं, म्हणून तर आज मी तुमच्याशी बोलते आहे.