डबीत तेल घाला

गॅरेजात जे जे पातळ, ते ते आमच्या तोंडी तेलच. इंजिनचं तेल, गिअरचं तेल, ब्रेकचं तेल. खरं तर ब्रेक आणि क्लचमध्ये जातं ते तेल नव्हेच. तिथे इंजिनचं तेल पडलं तर आतली रबरं फुगून बसतात. तीस वर्षं हे मला ठाऊक आहे. तरी नीरजाबाईंना मी फोनवर सांगितलं, क्लचचं पायडल खाली जायला लागलं तर बॉनेटखालच्या त्याच्या डबीत थोडं तेल घाला.

बाईंनी मला आठवीत मराठी शिकवलं. यजमान गेल्यावर साठाव्या वर्षी त्यांच्याच जुन्या फियाटवर त्या गाडी शिकल्या. एकट्या राहतात, कुणाला रिक्षा आणायला सांगत नाहीत. क्लचच्या सिलिंडरची रबरं महिनाभर वाट बघून मुंबईहून आणली आणि मीच बसवली होती. बाई सांगितलेलं तंतोतंत करणाऱ्या. घरात इंजिनचं तेल होतं, तेच घातलं.

आठवड्याभराने परटवण्याच्या चढावर क्लच पकडेना. इंजिन नुसतं ओरडत राहिलं आणि गाडी मागे सरकत कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर आदळली. मागची शाळेची रिक्षा हातभराने वाचली. बाईंचं मनगट मोडलं.

सिलिंडर उघडून फुगलेली रबरं पाहिली आणि काय झालं ते मला कळलं. पुण्याहून त्यांची मुलगी अवनी आली होती. तिने विचारलं, "सुजयदादा, आई म्हणते तेल घाला असं तुम्हीच सांगितलंत?"

बाईंचा ऐकण्यात घोटाळा झाला असेल, असं मी म्हणालो. गॅरेजचं नाव जाईल म्हणून घाबरलो, दुसरं काय.

मग अवनीने ठरवलं, आईचं वय झालं. घराला कुलूप लावायचं आणि आईला पुण्याला न्यायचं. हे कानावर आल्यापासून मला जेवण जाईना. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी गेलो तर बॅगा भरणं चाललं होतं.

"बाई, तुम्ही बरोबर ऐकलंत," मी म्हणालो. "तेल घाला म्हटलं ते मीच. नि नंतर खोटंही मीच बोललो."

वह्यांवर मारायच्या तशी तांबडी रेघ बाई माझ्यावर मारतील असं वाटलं होतं. मारली असती तर बरं झालं असतं. प्लास्टरचा हात सांभाळत त्या पलंगावर टेकल्या.

"मला वाटलं रे, माझंच डोकं चालेनासं झालं," त्या म्हणाल्या. "आठ दिवस एकेक गोष्ट हिला विचारून करत्ये."

अवनीने बॅगेतून आईच्या साड्या बाहेर काढायला घेतल्या.

"ते राहू दे," बाई तिला म्हणाल्या. "आधी जरा बघून ये, गॅस मी बंद केलाय ना."