सासऱ्यांची पसंती

कपिलने वाकून सासऱ्यांचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि गाडीबाहेर ठेवला. दार लांबलचक, सीट जमिनीला टेकलेली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसासाठी ही गाडी नव्हतीच. वासुदेवरावांनी दाराची कड धरून स्वतःला बाहेर ओढलं. जावयाच्या गाडीत कण्हणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

जर्मनीतल्या नेकारसुल्म गावच्या शोरूमच्या आवारात ती जुनी अमेरिकन गाडी हिरवीगार उभी होती. आठवडाभर कारखान्यात दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी राबायचं आणि सुट्टीत हिच्याखाली आडवं व्हायचं, अशी वर्षं काढून कपिलने तिला रस्त्यावर आणली होती. मग सासूबाई गेल्या, वासुदेवराव पुण्याहून कायमचे लेकीकडे राहायला आले, आणि परवा जेवताना ऊर्मिला म्हणाली,

"ती जुनी देऊन आता मोठ्या डिकीची कॉम्बी घे. बाबांना किती दिवस असं कोंबणार आहेस?"

कपिलमध्ये भांडायचंही त्राण नव्हतं. बाबांना दोन्ही गाड्यांत बसवायचं आणि त्यांनाच विचारायचं, एवढंच ठरलं.

येताना जुनीतून आले होते. वेग जरा वाढला की वासुदेवराव समोरच्या डॅशबोर्डची कड घट्ट धरत. आठ सिलिंडरच्या गुरगुराटात बोलणं ऐकू येत नव्हतं. पेट्रोलच्या वासाने त्यांना मळमळत होतं, आणि त्याच वासाने कपिलचा आठवड्याचा शीण उतरत होता.

शोरूमच्या विक्रेत्या फ्राउ केलर बाईंनी काळ्या कॉम्बीची किल्ली दिली. वासुदेवराव घरच्या खुर्चीत बसावं तसे आपले आपण बसले. मागच्या ऐसपैस डिकीत त्यांचा वॉकर उघडाच्या उघडा मावला. ऑटोबानच्या महामार्गावर कपिलने पाय दाबला. सहाशे घोड्यांची ताकद, आणि आवाज म्हणावा तर कुजबुज. काटा दोनशेवर गेला. गाडी उत्तम होती, आणि हे कबूल करताना त्याला स्वतःचाच राग आला.

त्याने शेजारी पाहिलं. वासुदेवराव तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपले होते. सासूबाई गेल्यापासून त्यांना इतकी शांत झोप लागलेली त्याने पाहिली नव्हती.

परत आल्यावर त्याने हलकेच हाक मारली.

"बाबा, पोचलो. सांगा, कुठली बरी?"

वासुदेवरावांनी डोळे चोळले. समोरच्या हिरव्या गाडीकडे पाहिलं, मग जावयाच्या चेहऱ्याकडे.

"खरं सांगू का, कपिलराव? हिच्यात पाठ अवघडली माझी. तुमची जुनीच बरी."

"अहो, पण तुम्ही तर झोपला होतात."

"छे छे. नुसते डोळे मिटले होते."

थाप होती, आणि ती कुणासाठी मारली हेही कपिलला कळलं. नाही बाबा, हीच घेऊ, एवढंच म्हणायचं होतं. पण तो फार दमला होता. त्याला आनंद झाला. त्या आनंदाची लाज वाटली, तरी आनंद काही गेला नाही.

फ्राउ केलर काचेशी येऊन वाकल्या. काय ठरलं, त्यांनी विचारलं. कपिलने किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि सासऱ्यांकडे न बघता जर्मनमध्ये म्हणाला,

"गाडी छान आहे हो. पण माझ्या सासऱ्यांना नाही पसंत पडली."

बाईंनी नवलाने वासुदेवरावांकडे पाहिलं. सासऱ्यांना जर्मनचा गंध नव्हता, पण बोलणं आपल्याबद्दल चाललंय इतकं उमगलं. त्यांनी घाईघाईने बाईंना हात जोडले आणि आपलंच काही चुकल्यासारखे ओशाळून हसले.