निःशब्दबाबांचा लेप

सोमवारी सकाळी शाळेच्या व्हॅनचं पुढचं उजवं चाक आडवं झालं आणि व्हॅन नाकावर बसली. आत आठ मुलं होती. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. अख्ख्या गल्लीने तसंच ठरवलंय, आणि गल्लीपुढे बोलायची आपली काय टाप! तेव्हा व्हॅन धडधाकट आहे, वार शनिवार आहे, आणि पेट्रोल पंपामागच्या मैदानात चाळीस गाड्या रांगेत उभ्या आहेत.

रांग निःशब्दबाबांच्या दर्शनाची होती. निःशब्दबाबा अखंड बोलत.

"लोखंडाला जीव असतो, बाळांनो! जीव आहे म्हणून ते कण्हतं! मेकॅनिक काय करतो? कण्हणाऱ्याचा पाय कापतो आणि नवा पाय बसवतो! आम्ही कापत नाही. आम्ही समजूत काढतो!"

मग बाबा सतरंजीवर उताणे होऊन गाडीखाली सरकत. पाच मिनिटं त्यांचे फक्त तळवे दिसत, आणि लोक तेवढ्यात तळव्यांना नमस्कार उरकून घेत. बाबा बाहेर आले की गाडी मैदानातल्या खड्ड्यांतून एक फेरी मारी. खडखड बंद! एका टेम्पोवाल्याला तर हुंदका आवरेना. त्याचा टेम्पो लग्नाआधीपासून वाजत होता.

रांगेत सातवी होती तीच शाळेची व्हॅन, आणि तिच्यापाशी तिचा मालक-ड्रायव्हर. शेजारी त्याची मोठी बहीण हाताची घडी घालून उभी होती. ती बसडेपोत फिटर. व्हॅन तीन महिने पुढून खडखडत होती, आणि तीन महिने ती एकच वाक्य म्हणत होती: "दोन्हीकडचे बॉल जॉइंट गेलेत, चाक निघेल." पालकांनीही तक्रार केली होती, पण आवाजाची. मुलांना पाढे म्हणता येत नव्हते. त्या आठ मुलांत भावाची मुलगी चिमणीही होती, आणि ती हट्टाने ड्रायव्हरच्या मागेच बसायची. नवे दोन्ही भाग बहिणीने आणून कॉटखाली ठेवले होते. उद्या रविवार, उद्या बसवायचे, असं ठरलंही होतं. पण भावाला एक दिवस धीर निघाला नाही.

बाबा व्हॅनखालून बाहेर आले. फेरी झाली. उजवीकडचा आवाज साफ गेला होता, डावीकडचा मात्र चालूच होता.

बाबा क्षणभर खरोखर निःशब्द झाले. मग म्हणाले, "उजवं ऐकतंय. डावं ऐकत नाही. घरात कोणी शंकेखोर आहे?"

भावाने बहिणीकडे पाहिलं. चाळीस गाड्यांच्या मालकांनीही पाहिलं.

"अकरा दिवस थांब," बाबा म्हणाले. "घरातली शंका गेली की डावंही गप्प होईल."

रविवारी बहिणीने अंगणात व्हॅन जॅकवर चढवली, खाली आधाराच्या लोखंडी घोड्या लावल्या आणि डावं चाक काढलं. पिन ओढली, नट सोडला, हातोड्याचे चार दणके घातले, तेव्हा कुठे जुना जॉइंट सुटला. तो तिने भावापुढे धरला.

"हा गोळा बघ. खुब्याचं हाड असतं ना, तसा वाटीत बसतो. अख्खं चाक याच्या जिवावर उभं असतं. वाटी झिजली, गोळा आत नाचतोय." तिने हलवून दाखवलं. कटकट, कटकट. "ही तुझी खडखड."

एव्हाना शेजारपाजार जमला होता. निवृत्त हेडक्लार्क काका खुर्चीच घेऊन आले होते.

बहिणीने सिरिंजमध्ये गिअरचं घट्ट तेल ओढलं, जॉइंटच्या रबरी टोपीत सुई खुपसली आणि तेल आत सोडलं. हलवलं. आवाज नाही. जोरात हलवलं. तरी नाही.

"गेला आवाज?" तिने विचारलं.

"गेला!" सगळे म्हणाले.

"आता बघा." तिने पहारीचा एक हिसका दिला. गोळा वाटीतून निघाला आणि घरंगळत काकांच्या खुर्चीखाली गेला. "हाच तुमच्या बाबांचा लेप. उजवीकडच्या टोपीला सुईचं भोक आहे, आताही तेल पाझरतंय, वाकून बघा. बाबांनी दुखणं नाही घालवलं, कण्हणं घालवलंय."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. बहिणीला वाटलं, पोचलं एकदाचं.

काका हळूच उठले. "म्हणजे ताई," ते हात जोडत म्हणाले, "तुम्हालाही सिद्धी आहे!"

"काका, मी तेल घातलं. तुमच्यादेखत."

"हा मोठेपणा! बाबाही म्हणतात, मी काहीच करत नाही."

"माझ्या शिलाई मशीनचाही आवाज येतो गं," शेजारच्या काकू म्हणाल्या. "एक थेंब दे ना." मशीनला तेलाने खरंच फरक पडला असता, म्हणून ते जास्तच वाईट होतं.

बहिणीने डावीकडे नवा जॉइंट बसवला. शेवटचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे असतात, नाहीतर आतलं रबर पिळवटतं. म्हणून तिने चाक चढवून व्हॅन खाली उतरवली, बोल्ट आवळले आणि उजवीकडचा नवा भाग आणायला घरात गेली. कॉटखालून तो ओढून काढते तोवर बाहेर इंजिन सुरू झालं.

भाऊ दोन तासांनी परतला. पेढे घेऊन आला असता, तर तेही पटलं असतं. तो बाबांचा फोटो घेऊन आला.

"ताई, दोन्हीकडून आवाज नाही! अकरा दिवस सांगितले होते, एका दिवसात झालं!"

"डावं मी बदललंय, रे! उजवं अजून तसंच आहे. चल, जॅक लाव."

"आवाज कुठे आहे? मग उघडायचं कशाला? शांत झालेल्याला डिवचू नये."

"चिमणी कुठे बसते?"

"उजवीकडेच, माझ्या मागे. आता तीच बाजू पक्की ना!" तो खरोखर काळजीने म्हणाला.

संध्याकाळी तिची डेपोत पाळी होती. तिने व्हॅनची किल्ली खिशात घातली आणि गेली. दुसरी किल्ली फोटोमागे खिळ्याला होती.

सोमवारचं तुम्ही वाचलेलं नाहीच.

हॉस्पिटलच्या बाकावर भाऊ बसला होता. आत चिमणीच्या हाताला प्लॅस्टर चढत होतं; हात दोन ठिकाणी मोडला होता. तो बहिणीकडे न बघता म्हणाला, "ताई, आवाज आलाच नव्हता गं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

दुपारपर्यंत गल्लीचा निकाल लागला. आठही मुलं जिवंत, म्हणजे अपघात झालाच नाही, बाबांनी टाळला. बाबा म्हणाले, चाक निघालं नाही, ते नमलं. मैदानातली रांग साठ गाड्यांवर गेली.

बहिणीने कागद घेतला आणि वाहन कार्यालयाला अर्ज लिहिला. आवक खिडकीवरच्या कारकुनाने तो उभ्याउभ्या वाचला, शिक्का मारला आणि ज्यांना उत्तर द्यायचं नसतं अशा अर्जांच्या 'निःशब्द' नावाच्या फाइलीला लावला. अर्ज असा:

'महोदय, गाडी वाजते ती सांगण्यासाठी वाजते. काय सांगते, ते पान्याने उघडून पाहता येतं. त्याला श्रद्धा लागत नाही, उजेड लागतो. आवाज बंद होणं आणि बिघाड दूर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच नागरिकांना कळवावं. तसेच निःशब्दबाबांनी आजवर शांत केलेल्या सर्व गाड्यांचा मूळ खडखडाट संबंधित मालकांना विनाविलंब परत करण्यात यावा, ही नम्र विनंती.'