गुलाबपाणी वाळेपर्यंत

"हलू नका बाई. अजून वाळलं न्हाय," इमाम म्हणाला.

"इमामभाई, लावा की आता रंग. साहेब येतील," चिमणाबाई आरशाकडे पाठ करूनच बोलली. रंग लागल्याशिवाय ती आरशात बघत नसे.

इमाम कसला ऐकतोय! तेवीस वर्षं तो कोल्हापूरच्या स्टुडिओत नटनट्यांचे चेहरे रंगवत होता आणि उस्तादानं घालून दिलेला नियम त्यानं एकदाही मोडला नव्हता. मलमलीच्या तुकड्यानं गुलाबपाणी दोनदा लावायचं, आपोआप वाळू द्यायचं, मगच ब्रश उचलायचा.

चिमणाबाईच्या दोन्ही गालांवर काळपट चट्टे होते. ते कशाचे, हे इमामला पक्कं ठाऊक होतं. तिच्या उमेदीच्या काळात त्यानंच रोज तिच्या तोंडाला सफेदा थापला होता. पडद्यावर ती गोरीपान दिसायची आणि दोघंही खूश असायची. सफेदा कातडी खातो, हे त्यांना सांगणार कोण?

चार वर्षं तिला काम नव्हतं. आज नायकाच्या आईचं, पाटलीणबाईचं काम मिळालं होतं. चांगले चार संवाद होते. घरची नथ तिनं रुमालात बांधून आणली होती.

तेवढ्यात दिग्दर्शक गणपतराव आत आले आणि तिच्या उघड्या चेहऱ्याकडे बघतच राहिले.

"थांब इमाम! काय बी लावू नगंस. देवळाच्या पायरीवरची भिकारीण मला गावत नव्हती. ही आयतीच हाय की!"

"साहेब, बाई पाटलीण हायत. पाच मिनिटं द्या, मी सगळं झाकतो."

"आता रंगीत फिल्म हाय, बाबा. किती झाकशील? पाटलीण दुसरी बघतो."

"भिकारणीला संवाद हाय का, साहेब?" चिमणाबाईनं हळूच विचारलं.

"न्हाय. नुसता हात पसरायचा."

गणपतराव निघून गेले. इमाम ब्रश हातात धरून तसाच उभा. पाच मिनिटं आधी रंग लावला असता, तर ही बाई आज पाटलीण असती. त्याला उस्तादाचा राग आला, नियमाचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हाताचा आला. पण साहेबांच्या मागे धावून काही बोलायची त्याची छाती झाली नाही.

चिमणाबाईनं नथ पुन्हा रुमालात बांधली. गाठ दोनदा मारली.

"इमामभाई, गुलाबपाणी उरलंय का?"

"हाय की. पण बाई, रंग तर लावायचा न्हाय."

"नसू दे. तुम्ही लावा."

त्यानं मलमल भिजवली. कपाळ पुसलं, हनुवटी पुसली, चट्ट्यांवरून अगदी हलक्या हातानं फिरवली. बाहेरून कुणीतरी भिकारणीला हाक मारली.

"थांबा म्हणावं!" इमाम दाराकडे तोंड करून ओरडला. "बाईंचं अजून वाळलं न्हाय."

चिमणाबाई डोळे मिटून बसून राहिली.