वारा सांगणारी राखेची पिशवी

सकाळी पावणेसात वाजता पोटात गोळी लागलेला एक रानरेडा झांबेझी नदीत उतरला, पोहत पलीकडे गेला आणि बोरूच्या बनात दिसेनासा झाला. अलीकडचा काठ झिंबाब्वेचा, पलीकडचा झांबियाचा. शिकारीचा परवाना अलीकडचा होता. रेडा जिथे वर चढला, तिथून जवळच बायकांचे भाजीचे मळे आहेत. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या एनेरेसीबाई सध्या त्याच मळ्यांत भाजी काढायला जातात. एनेरेसीबाई म्हणजे माग काढणाऱ्या केफासींची बायको.

मित्रांनो, मी केफासींच्या कमरेला बांधलेली एक जुनी राखेची पिशवी आहे.

माझा जन्म केफासींच्या एका विटलेल्या सदऱ्याच्या बाहीतून झाला. एनेरेसीबाईंनी ती कापली, एका टोकाला शिवली आणि दुसऱ्या टोकाला नाडी ओवली. कापड इतकं विरलं होतं की हलवलं की आतली राख धुरासारखी बाहेर येई. शिकाऱ्याला हेच हवं असतं. रेड्याची नजर साधारण असते, नाक मात्र फार तिखट. माणसाचा वास त्याच्याकडे गेला की सगळं संपलं. म्हणून माग काढणारा चालता चालता मला झटका देतो आणि राख कुठे जाते ते बघतो. राख तोंडावर आली तर पुढे जायचं. पुढे गेली तर मागे फिरायचं.

राख कोणती, यावर सगळं अवलंबून असतं. एनेरेसीबाई मोपानेच्या लाकडाचीच राख घेत. चूल आपोआप विझू देत, मग वरची पांढरी राख अलगद उचलून फडक्यातून गाळत. केफासींना त्या हात लावू देत नसत. "तुम्हाला रेड्याचा माग कळतो. चुलीतलं काही कळत नाही," असं त्या म्हणत. केफासी हसत आणि तयार पिशवी कमरेला बांधून निघत.

माझी उमेदीची वर्षं चांगली गेली. केफासींनी ज्यांना माग काढायला शिकवलं, ते फानुएल पुढे परीक्षा देऊन शिकार-मार्गदर्शक झाले आणि परदेशी पाहुण्यांना घेऊन रानात जाऊ लागले. ते केफासींना मामा म्हणतात. केफासींच्या घराण्याचं देवक हत्ती आणि फानुएलच्या घराण्याचं माकड. त्यावरून दोघांची रोज थट्टा चाले. मागावर फानुएल पुढे घुसले की केफासी म्हणत, "माकडाने झाडावर बसावं, वाट हत्तीला काढू दे." एकदा पाणघोड्यांच्या वाटेवर मी हवेत सोडलेली राख अचानक उलटी फिरली. केफासींनी सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. पुढच्या वळणावर पिल्लू घेऊन हत्तीण उभी होती. त्या संध्याकाळी तळावर माझं कौतुक झालं. पाहुण्यांनी माझे फोटो काढले.

मग एका पाहुण्याने केफासींना प्लॅस्टिकची बाटली भेट दिली. ती दाबली की पांढरी पूड उडे. दोन हंगाम मी खिळ्याला लटकत राहिले. माझ्यात कोळ्यांनी घर केलं. बाटलीतली पूड संपली, दुसरी कुणी पाठवली नाही आणि केफासींनी मला झटकून पुन्हा कमरेला बांधलं.

या हंगामात एनेरेसीबाई बहिणीकडे गेल्या आणि मी रिकामी होत आले. केफासींनी स्वतःच मला भरायचं ठरवलं. तळावरच्या चुलीवर मॅथायस नावाचे आचारी स्वयंपाक करतात. जेवणं झाली की ते भांडी धुतलेलं पाणी निखाऱ्यांवर ओततात, कारण वाऱ्याने ठिणगी उडून गवत पेटायची भीती असते. केफासींनी ती ओली राख पत्र्यावर वाळवली, हाताने चुरली आणि माझ्यात भरली. दिसायला ती पांढरीच होती. मला मात्र पोटात वाळू भरल्यासारखं वाटलं.

आज पहाटे नदीकाठी तीन म्हातारे रेडे चिखलात लोळून उभे होते. सोबत वेंडेल नावाचे पाहुणे होते, पूल बांधण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. केफासींनी तिकाटणं रोवलं, वेंडेलनी त्यावर बंदूक टेकवली. फानुएलनी हळू विचारलं, "मामा, वारा?"

केफासींनी मला झटका दिला. राख सरळ खाली, त्यांच्या बुटावर पडली. वारा थांबला आहे, अशी खूण त्यांनी हाताने केली.

वारा थांबला नव्हता. मंद झुळूक पाठीमागून रेड्यांकडे जात होती. ती मोपानेची राख हलकेच उचलून नेई. ही राख पाण्याने कण चिकटून जड झाली होती, ती तिला उचलता आली नाही. पुढच्या रेड्याने नाक वर केलं आणि तो वळला. तेवढ्यात वेंडेलनी चाप ओढला. गोळी खांद्याऐवजी पोटात लागली. पाठोपाठ फानुएलनी झाडलेली गोळी पळत्या रेड्याला चुकून बोरूत गेली.

जखमी जनावर सोडून परत यायचं नाही, हा इथला नियम आहे. थोडं थांबून ते रक्ताच्या मागावर निघाले. माग नदीत संपला. पात्राच्या पलीकडे रेडा पाण्यातून वर चढताना सगळ्यांना दिसला. फानुएलनी बंदूक उचलली आणि खाली घेतली. तिकडे दुसरा देश होता आणि बोरूमागे मळे होते.

केफासी बुटावरची राख चिमटीत चोळत होते. "वारा होता," ते म्हणाले. "राख जड होती."

"कुठली भरलीत?"

"मॅथायसच्या चुलीतली."

"पाणी मारलेली?"

"वाळवली होती रे."

फानुएलनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मामी असत्या तर ही पिशवी तुमच्या तोंडावर मारली असती."

नदीकाठी फोनला पलीकडचं नेटवर्क लागतं. केफासींनी मेहुणीला फोन लावला. मागे बाळ रडत होतं.

"काय भाऊजी, एवढ्या सकाळी? बायकोवाचून करमत नाही वाटतं."

"तिला दे फोन."

"ताई मळ्यावर गेली, भेंडी काढायला. आल्यावर सांगते, नवरा रडत होता म्हणून."

"पोरी, ऐक. तुमच्या काठाला रेडा आलाय. जखमी आहे. घरात जे कोण असेल त्याला मळ्याकडे ओरडत पाठव. तू दार लाव."

पलीकडे हसू थांबलं. मग फोन बंद झाला.

फानुएलनी गाडीतल्या वायरलेसवरून पलीकडच्या वनचौकीला कळवलं. चौकीने सांगितलं की बंदूकधारी रक्षक होडीने निघतील, पण चौकी प्रवाहाच्या वरच्या अंगाला आहे, वेळ लागेल. वेंडेल वाळूवर बसून होते. नेम माझा होता, चूक माझी, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. केफासींनी ऐकून घेतलं आणि मासेमाराची ओंडक्याची होडी ढकलायला सुरुवात केली.

"मामा, बंदूक तिकडे नेता येणार नाही," फानुएल म्हणाले.

"बंदूक कोण मागतंय?"

"जखमी रेडा आपल्याच मागाशेजारी दबा धरून बसतो, हे तुम्हीच शिकवलंत मला."

"म्हणून तर जातो. त्या बायकांना कोण सांगणार?"

त्यांनी मला कमरेवरून सोडलं आणि फानुएलच्या हातात दिलं. आता मी गाडीच्या टपावर आहे. इथून नदी दिसते, पलीकडचे मळे दिसत नाहीत.

मित्रांनो, मी कापडाची आहे. माझ्यात जे भरलं जातं तेच मी बाहेर टाकते. तुमच्याकडेही अशी एखादी साधी वस्तू असेल, जिची काळजी घरातलं दुसरं कुणी रोज घेतं आणि तुम्ही फक्त वापरता. ते माणूस घरी असेल तेव्हाच ती काळजी कशी घ्यायची ते विचारून ठेवा. केफासी वर्षानुवर्षं मला कमरेला बांधून फिरले, पण राख कशी उचलतात ते त्यांनी कधी विचारलं नाही.

दुपारी वायरलेसवर चौकीचा निरोप आला. रक्षक पोहोचले आहेत. रेड्याचा माग बोरूतून भेंडीच्या मळ्यात शिरतो, बाहेर पडलेला अजून दिसलेला नाही. ओंडक्याची होडी काठाला बांधलेली सापडली आहे, केफासी दिसलेले नाहीत. मळ्यांतून घरी परतलेल्या बायका त्यांनी मोजल्या. त्यांत एनेरेसीबाई नाहीत.